कूरसचा चव्हाटा कुणाचा?

स्कॉटलंडमध्ये फोर्थच्या खाडीच्या उत्तर काठाला कूरस नावाचं गाव आहे. वस्ती चारशेच्या आसपास. गावाच्या खालच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून, 1626 साली बांधलेलं टाऊन हाऊस, म्हणजे गावच्या कारभाराची इमारत, उभं आहे. तिथून बॅक कॉजवे नावाची अरुंद गल्ली वर चढते. दगडगोट्यांनी बांधलेल्या या गल्लीच्या मधोमध मोठ्या सपाट दगडांची एक रांग जराशी उंच आहे. जुन्या काळी तिच्यावरून चालायचा मान गावातल्या बड्या मंडळींचा. बाकीच्यांनी कडेच्या उतारावरून, सांडपाण्यातून वाट काढायची. ही गल्ली वर जिथे रुंदावते तिथे गावचा मर्कॅट क्रॉस आहे. स्कॉट्स भाषेत 'मर्कॅट' म्हणजे बाजार.

क्रॉस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ख्रिस्ती क्रूस येतो. इथे तसं काही नाही. पायऱ्यापायऱ्यांचा अष्टकोनी चौथरा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर युनिकॉर्न, म्हणजे स्कॉटलंडच्या राजचिन्हातला एकशिंगी घोडा. चौथरा 1588 चा. खांब आणि युनिकॉर्न 1902 मध्ये नव्याने घडवलेले. मी गेले तेव्हा एप्रिलचा भुरभुर पाऊस होता. एका पायरीवर बसले. दगडाची कड हाताला लागली ती धारेची नव्हती, जुन्या वाड्याच्या उंबरठ्यासारखी घासून गोल झालेली होती, आणि सांध्यांत हिरवं शेवाळ धरलं होतं. अर्ध्या तासात तीन-चार घोळके आले, युनिकॉर्न नीट आकाशावर उठून दिसेल अशा बेताने फोटो काढून खाली उतरले. कुणी रेंगाळलं नाही. रेंगाळावं असं तिथे काही चाललंच नव्हतं.

त्या पायरीवर जे मनात आलं ते अजून जात नाही, म्हणून लिहिते आहे. असे शंभराहून अधिक क्रॉस स्कॉटलंडने आजवर राखले आहेत. पडलेले उभे केले, झिजलेले दुरुस्त केले, अनेकांना कायद्याचं संरक्षण दिलं. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्या जागेची खूण म्हणून हा दगड रोवला होता, ती जागा गावाच्या हातून निघून गेली आहे, आणि ती गावाला परत मिळायला हवी. ती मिळेपर्यंत दगड राखण्याचं काम अर्धवटच राहील.

ही जागा काय होती ते आधी बघू. मध्ययुगीन स्कॉटलंडमध्ये बाजार वाटेल तिथे भरवता येत नसे. राजाने, किंवा राजाच्या परवानगीने एखाद्या जमीनदाराने वा मठाने ज्या वस्तीला 'बर्ग'चा दर्जा दिला, तिलाच तो हक्क. क्रॉस ही त्या हक्काची जाहीर खूण. माल क्रॉसपाशी आणायचा, चारचौघांत मांडायचा आणि मग विकायचा. बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला वाटेतच गाठून, माल उचलून, पुढे भाव चढवणं हा बर्गच्या कायद्याने गुन्हा होता. सौदा उघड्यावर व्हावा, भाव सगळ्यांना कळावा, यासाठी केलेली ही सोय होती.

या उघडेपणाचा एक नमुना फेटरकेर्न या गावात दिसतो. तिथल्या क्रॉसच्या खांबावर 'एल' या जुन्या स्कॉटिश मापाच्या खुणा कोरलेल्या आहेत. एक एल म्हणजे 37 इंच, साधारण 94 सेंटिमीटर. कापड घेणाऱ्या बाईला विक्रेत्याच्या काठीची शंका आली तर तिने कापड नेऊन सरळ खांबाला लावून बघावं. काठी आखूड करता येते, गावचा खांब करता येत नाही. या खांबाची गोष्ट इथेच संपत नाही. तो मुळात फेटरकेर्नचा नाहीच. जवळच किंकार्डिन नावाचं गाव होतं, एकेकाळचं जिल्ह्याचं ठिकाण. 1600 च्या सुमारास जिल्ह्याचा कारभार स्टोनहेवनला गेला, किंकार्डिन ओस पडलं, आणि पुढे अठराव्या शतकात त्याचा क्रॉस उचलून फेटरकेर्नच्या चौकात आणून उभा केला. ही हलवाहलव मला फार बोलकी वाटते. बाजार उठल्यावर रिकाम्या जागी खांब ठेवण्यात त्या लोकांना काही अर्थ वाटला नाही. जिथे माणसं जमत होती तिथे तो गेला. आज आपण नेमकं उलटं करतो. खांब जागेवर पक्का करतो आणि माणसं गेली तर जाऊ देतो.

क्रॉसपाशी मालाइतकाच शब्दही मांडला जाई. पार्लमेंटचे कायदे क्रॉसवरून पुकारले जात. पुकारा झाल्याशिवाय ते लोकांना लागू झाले असं मानत नसत. कर्ज बुडवणाऱ्याला आधी फेडीचा हुकूम मिळे. मुदतीत फेड झाली नाही की राजाचा दूत क्रॉसपाशी येऊन शिंग तीनदा फुंके आणि त्याला बंडखोर म्हणून जाहीर करी. स्कॉटलंड सोडून गेलेल्या माणसाला कोर्टात बोलवायचं तर एडिंबराच्या क्रॉसवर आणि लीथच्या धक्क्यावर त्याच्या नावाचा पुकारा होई. माणूस समुद्रापार, आणि त्याचं नाव धक्क्यावर घुमतंय! न्याय झाला पाहिजे आणि होताना लोकांनी ऐकला पाहिजे, या कल्पनेवर त्या समाजाची इतकी श्रद्धा होती.

आणि सत्तेला जी जागा मिळते ती सत्तेच्या विरोधकांनाही मिळवावीशी वाटते. 22 जून 1680 रोजी रिचर्ड कॅमरन हा बंडखोर धर्मोपदेशक वीसेक घोडेस्वारांसह सँकर गावच्या क्रॉसपाशी आला. दुसरा चार्ल्स हा आमचा राजा नाही, असं जाहीर करणारा कागद तिथे वाचून दाखवला आणि क्रॉसला ठोकून तो निघून गेला. बरोबर महिन्याने एअर्ड्स मॉसच्या लढाईत तो मारला गेला. 1706 च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडशी होऊ घातलेल्या एकीकरणाच्या कराराची कलमं डम्फ्रीसच्या क्रॉसपाशी जाहीरपणे जाळली गेली. या माणसांनी आपला विरोध घरात बसून कुजबुजला नाही, किंवा रानात जाऊनही सांगितला नाही. ते क्रॉसपाशी गेले, कारण तिथे उच्चारलेला शब्द गावाचा होतो हे राजाइतकंच त्यांनाही ठाऊक होतं.

मराठीत या जागेला अगदी नेमका शब्द आहे: चव्हाटा. चार वाटा मिळतात ती जागा. आता आपण तो बहुतेक करून एकाच अर्थाने वापरतो. भांडण चव्हाट्यावर आलं, अब्रू चव्हाट्यावर आली. क्रॉसच्या वाट्यालाही हे आलं आहेच, आणि त्याची बाजू घेताना ते झाकून ठेवणं मला पटत नाही. अनेक ठिकाणी क्रॉसला लोखंडी पट्टा साखळीने बांधलेला असे. त्याला 'जूग्ज' म्हणत. तोंडाळ म्हणून बदनाम झालेली बाई, भुरटा चोर, चर्चच्या शिस्तीत न बसलेला कुणीही तिथे गळ्यात पट्टा घालून उभा केला जाई. एडिंबरामध्ये 1606 साली न्यायालयाने क्रॉसजवळ दगडी बैठक बांधायला लावली. दिवाळखोरांनी पिवळी टोपी घालून तिथे बसायचं. आणि बाजाराचं स्वातंत्र्य तरी कुणाचं? व्यापाराचा हक्क बर्गच्या नोंदलेल्या नागरिकांचा, बाहेरच्याचा नव्हे.

कूरसची श्रीमंती ज्यावर उभी राहिली ते कोळशाचं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. सर जॉर्ज ब्रूस याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाडीच्या पाण्याखालून कोळशाची खाण नेली. 1617 मध्ये राजा सहावा जेम्स ती बघायला आला होता. 1625 च्या वादळात ती बुडाली. कोळसा जाळून समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढत. ओटकेक भाजायचे लोखंडी तवे घडवण्याचा खास हक्कही राजाने या गावाला दिला होता. पण त्याच राजाच्या कारकिर्दीत, 1606 साली, कायदा झाला की खाणीतला आणि मिठागरातला मजूर मालकाच्या परवानगीशिवाय काम सोडून जाऊ शकत नाही. हे वेठबिगारीचं जोखड पुरतं उतरायला 1799 उजाडलं. क्रॉसच्या पायऱ्यांवर उभं राहून खाली खाडीकडे बघताना मला ब्रूसच्या पिवळ्या वाड्याइतकीच त्या मजुरांची आठवण झाली. चौकाचा हक्क त्यांना कधी मिळाला नाही, म्हणून चौकच नको असं म्हणायचं का? मी म्हणेन, तो हक्क आता सगळ्यांना मिळावा. जूग्जचे पट्टे जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत, शेजारी ते कशासाठी होते हे स्पष्ट लिहावं. गावाने केलेला अन्याय गावाच्या मधोमधच वाचायला मिळाला पाहिजे.

जागा गेली कशी? एडिंबराचं उदाहरण सगळ्यात जुनं आहे आणि सगळ्यात आजचंही. 1756 मध्ये तिथला क्रॉस पाडला, कारण हाय स्ट्रीटवर गाड्याघोड्यांना अडचण होते म्हणून. तो जिथे उभा होता तिथे रस्त्यात दगडांनी अष्टकोन आखलेला आजही दिसतो. 1885 मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान राहिलेल्या ग्लॅडस्टननी स्वतःच्या पैशाने थोड्या अंतरावर तो पुन्हा बांधून दिला. अजूनही राजाच्या राज्यारोहणाची आणि पार्लमेंट बरखास्तीची घोषणा तिथून होते. 11 सप्टेंबर 2022 रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा राजेशाहीविरोधी फलक धरलेल्या एका तरुणीला पोलिसांनी तिथेच अटक केली. सेरेमनी राखली, झगमगीत अंगरखे राखले, आणि फलक धरणाऱ्या मुलीला उचललं. कॅमरनला ज्या गुन्ह्यासाठी जीव गमवावा लागला, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही हे मला मान्य आहे. पण क्रॉसपाशी उभं राहून 'मला हे मान्य नाही' म्हणता येत नसेल, तर क्रॉस पुन्हा बांधून आपण नेमकं काय परत आणलं?

कूरसमध्ये गोष्ट शांतपणे घडली. 1592 पासून ते राजाच्या सनदेचं बर्ग होतं. गावाचे निर्णय गावचं कौन्सिल घेई. 1975 मध्ये स्थानिक कारभाराची नवी रचना आली आणि स्कॉटलंडभरातली बर्ग एका फटक्यात बंद झाली. कूरसचा कारभार आधी डनफर्मलिनच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे गेला, 1996 पासून तो ग्लेनरॉथिसमधल्या, फाइफ या जिल्ह्याच्या कौन्सिलकडे आहे, म्हणजे चाळीसेक किलोमीटरवर. गावपातळीवर 'कम्युनिटी कौन्सिल' आहेत, पण त्यांना मत मांडता येतं, निर्णय घेता येत नाही. टाऊन हाऊस आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, उत्तम राखलेलं. चौथऱ्याचा प्रत्येक दगड मोजलेला आहे. ज्या कामासाठी चौथरा होता ते काम मात्र गावातून उठून दुसऱ्या गावच्या कार्यालयात गेलं आहे.

यावर मला दिलं जाणारं उत्तर ठरलेलं असतं. बाजार काळाने मारला, सुपरमार्केटने मारला, आता ओढूनताणून तो उभा करणं म्हणजे पर्यटकांसाठी नाटक. ही शंका रास्त आहे. कूरसला नाटकाची सवयही आहे. एका गाजलेल्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण याच क्रॉसभोवती झालं आणि त्यासाठी घरांचे दर्शनी रंग बदलले गेले. गर्दी त्यानंतर वाढली. पण याच गावाने नाटकाहून वेगळी वाटही दाखवली आहे. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडची स्थापना 1931 ची, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रूसचा वाडा 700 पौंडांना विकत घेतला. मग हळूहळू साधी घरंही. ट्रस्टने 1960 मध्ये जी 'लिटल हाउसेस' योजना सुरू केली तिची रीत साधी होती: पडकं घर विकत घ्यायचं, नीट करायचं, त्यात राहणाऱ्या माणसाला विकायचं, आणि आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. फाइफच्या किनाऱ्यावरची कितीतरी गावं त्यामुळे वाचली. त्यांनी घरांची संग्रहालयं केली नाहीत. घरात माणूस राहिला, चूल पेटली, तरच घर टिकतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं. मग चौकालाच हा नियम का लागू नाही?

आणि पुकारा अजून जिवंत असलेलं गाव बघायचं तर दक्षिणेला लँगहमला जावं. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी तिथे 'कॉमन रायडिंग' असतं. घोड्याच्या पाठीवर चक्क उभा राहून पुकाऱ्या जत्रेची घोषणा करतो. जत्रेत दंगा करील त्याचे कान वजनकाट्याच्या खांबाला खिळ्याने ठोकले जातील, अशी जुनी धमकीही त्यात असते. मग शेकडो स्वार गावाच्या सामाईक जमिनीच्या सीमा फिरून येतात. हा रिवाज नुसता देखावा नाही. 1759 मध्ये न्यायालयात भांडून गावाने त्या जमिनीच्या सीमा ठरवून घेतल्या होत्या. दरवर्षी त्या पायाखाली घालायच्या, नाहीतर शेजारी सरकत येतात. लँगहमशी आपलाही एक धागा आहे. मुंबईचा गव्हर्नर झालेला जॉन माल्कम तिथल्याच परिसरातला. गावामागच्या टेकडीवर त्याचा उंच स्मारकस्तंभ आहे आणि महाबळेश्वरची बाजारपेठ त्याच्या नावाने माल्कम पेठ म्हणवते. बाजाराच्या गावातून आलेल्या माणसाचं नाव इतक्या लांबच्या पेठेला लागलं, हे कळलं तेव्हा मला ते गाव उगीचच ओळखीचं वाटू लागलं.

दुसरी हरकत जाणकारांची. वाळूच्या दगडाला पाऊस, बर्फ आणि धूर खातो. मूळ क्रॉस आत न्यावा, बाहेर प्रतिकृती ठेवावी. काही अतिशय नाजूक कोरीव दगडांबाबत हे पटतं. पण सरसकट हा मार्ग धरला तर चौकाचा उरलासुरला हक्कही आपण काचेच्या कपाटात बंद करू. कूरसने 1902 मध्ये काय केलं ते बघा. जुना चौथरा ठेवला, वरचा भाग गेलेला होता तो नवा घडवला आणि उघड्यावरच उभा केला. सव्वाशे वर्षांत तो नवा भागही जुना झाला. दगड झिजतो, बदलावा लागतो, बदलणारे पाथरवट गावात लागतात. चुन्याचा गिलावा जाणणारा, छिन्नी धरणारा हात टिकवायचा तर त्याला काम मिळत राहायला हवं.

गाड्यांचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. स्कॉटलंडच्या कितीतरी गावांत क्रॉसभोवतीची जागा म्हणजे गाड्या लावायची जागा झाली आहे. म्हाताऱ्या माणसाला दाराशी गाडी लागते, बस दिवसातून मोजक्या वेळा येते, औषधाचं दुकान लांब. त्यांना 'गाड्या हटवा' म्हणून बजावणारी मी बाहेरची कोण? म्हणून रोजची बंदी मी मागत नाही. आठवड्यातून एक सकाळ मागते. त्या सकाळी चौक मोकळा, पायऱ्या मोकळ्या. अंडी, भाजी, मासे, ब्रेड, कुणाकडे बागेतली रोपं. जागेचं भाडं माफ, किंवा नावापुरतं, आणि जे येईल ते गावाच्या खात्यात. नव्याने आलेल्यांनाही, ज्यांचं नाव गावाच्या कुठल्याच जुन्या वहीत नाही, तितकाच हक्क. बर्गची जुनी चूक पुन्हा करायची नाही.

यासाठी नवा कायदाही शोधत बसायला नको. जुन्या बर्गांची मालमत्ता स्कॉटलंडमध्ये 'कॉमन गुड' म्हणून वेगळी धरली जाते. 2015 च्या कम्युनिटी एम्पॉवरमेंट कायद्याने प्रत्येक कौन्सिलला या मालमत्तेची यादी करून ती जाहीर करणं बंधनकारक केलं, आणि तिचा वापर बदलायचा किंवा ती विकायची तर आधी लोकांना विचारणंही. माझी मागणी एक पाऊल पुढची आहे. क्रॉस आणि त्याभोवतीचा चौक यांचा कारभार, बाजाराच्या परवानग्यांसकट आणि वर्षाच्या ठरावीक निधीसकट, त्या गावच्या कम्युनिटी कौन्सिलकडे सोपवावा. दगडाच्या दुरुस्तीवर तज्ज्ञांची देखरेख राहू दे. चौकात काय व्हावं हे मात्र त्या चारशे माणसांनी ठरवावं. त्यांनी चुकीचं ठरवलं तरी चालेल. चार शतकं ती माणसं तिथे ठरवत होती, आणि गाव टिकलं.

आणि पुकाराही परत यावा. कूरसची शाळा, रस्ता, बस, खाडीकाठची जमीन यांबद्दल कौन्सिलने जे ठरवलं असेल ते वेबसाइटच्या तळाशी जोडलेल्या चाळीस पानी फाइलीत आज वाचावं लागतं, आणि ते कुणी वाचलं याची नोंद कुणाकडेच नसते. ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्यापैकी एकाने ग्लेनरॉथिसहून यावं. टाऊन हाऊसपासून बॅक कॉजवे चढून क्रॉसपर्यंत यायला दोन-तीन मिनिटं लागतात. मधल्या उंच रांगेवरून न चालता कडेने आलं तरी तेवढीच. पायरीवर उभं राहून निर्णय मोठ्याने वाचावा, आणि समोरून येणारा प्रश्न ऐकून घेईपर्यंत तिथेच थांबावं.